‘कौशल्ये’ या रकान्यात काय लिहू?

वाचकाचं पत्र

सर, नमस्कार. मी नाशिकच्या आडगावला राहते. वय ३८. मुक्त विद्यापीठातून बी.ए. केलं, एमएससीआयटी पण झालेलं आहे, पण त्याला बरीच वर्षं झाली. गेले नऊ हंगाम दिंडोरी तालुक्यातल्या एका द्राक्षाच्या पॅकहाऊसमध्ये कामाला जाते. आधी टेबलावर घड साफ करायचे, मग वजनावर होते, आणि मागच्या चार हंगामांपासून तीन टेबलांवरच्या वीस-बावीस बायका माझ्याकडे असतात. जानेवारी ते एप्रिल काम, नंतर घरी. गल्लीतल्या बचत गटाची सहा वर्षांपासून सचिव आहे, पण ते आपलं घरचंच काम.

मुलगा दहावीला गेला. आता बारा महिने चालणारी नोकरी हवी आहे. अंबडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीत पॅकिंग-डिस्पॅचला जागा आहे असं कळलं म्हणून सायबर कॅफेत अर्ज भरायला गेले. त्यात ‘कौशल्ये’ असा रकाना होता. मी म्हटलं, दादा, माझ्याकडे तसं काही नाही. त्यानेच ‘हार्डवर्किंग, टीम प्लेअर, क्विक लर्नर’ असं टाकून दिलं. कंपनीकडून काहीच उत्तर नाही. भाचा इंजिनिअर आहे, त्याच्या बायोडाटात नुसती सॉफ्टवेअरची नावं. मी तर फक्त द्राक्षं भरलीत.

मागच्या हंगामात एकदा रात्री कंटेनर भरायच्या आधी काही पेट्यांवर दुसऱ्याच प्लॉटची लेबलं दिसली म्हणून मी काम थांबवलं होतं. साहेबांनी शाबासकी दिली. पण ते काही कौशल्य नाही, लक्ष गेलं म्हणून कळलं. तर त्या रकान्यात काय लिहू? आणि पगार किती मागायचा तेही सांगा.

— एक वाचक, आडगाव

उत्तर

ताई, नमस्कार.

लेबलांची गोष्ट तुम्ही दोन ओळींत सांगितली आणि लगेच ‘ते काही कौशल्य नाही’ म्हणून मोडीतही काढली. मी तिथूनच सुरुवात करतो.

लेबलाची किंमत तुम्हाला मी सांगायला नको, पण बाकीच्या वाचकांसाठी सांगतो. युरोपला जाणाऱ्या द्राक्षाची बाग आधी नोंदवलेली असते. तिथला नमुना प्रयोगशाळेत जातो. औषधांचे अंश मर्यादेच्या आत आहेत असा अहवाल आला, तरच त्या बागेचा माल पुढे सरकतो. ही पेटी त्या बागेची, हा अहवाल या पेटीचा, हे फक्त लेबल सांगतं. अपेडा या केंद्राच्या शेतमाल निर्यात संस्थेची ग्रेपनेट नावाची सगळी व्यवस्था त्याच माहितीवर चालते. लेबल दुसऱ्या प्लॉटचं लागलं की अहवाल एका मालाचा आणि पेटीत दुसराच माल. हे तिकडच्या बंदरात उघडकीला आलं, तर चुकीच्या लेबलाच्या तेवढ्या पेट्यांवर भागत नाही, सगळ्या कंटेनरवर संशय येतो.

त्या रात्री त्या पेट्या तुमच्या एकटीच्या डोळ्यांसमोरून गेल्या नसणार. त्या ज्यांनी भरल्या, उचलल्या, रचल्या, त्यांनीही पाहिल्याच. खटकलं ते तुम्हाला, कारण सकाळी कोणत्या टेबलावर कोणत्या प्लॉटचा माल चालला होता हे तुमच्या डोक्यात होतं. पुढची गोष्ट मला त्याहून मोठी वाटते. गाडी दाराशी लागलेली, सगळ्यांना घरी जायची घाई, आणि अशा वेळी तुम्ही ‘थांबा’ म्हणालात. तुमचं चुकलं असतं तर बोलणी तुम्हीच खाल्ली असती.

अंबडमधल्या कोणत्याही डिस्पॅच विभागात याच कामासाठी माणूस ठेवतात. माल आणि कागद जुळतात का बघायचं, नाही जुळले तर गाडी सोडायची नाही, आणि वर कळवायचं. तुम्ही अर्ज केलात ती जागा नेमकी हीच. आणि अर्जात मात्र ‘क्विक लर्नर’!

त्या सायबर कॅफेवाल्याला मी दोष देत नाही. तो दिवसभर दुसऱ्यांचे अर्ज भरतो, त्याच्याकडे तेच तीन शब्द तयार असतात. पण निवड करणाऱ्याच्या बाजूने बघा. सातपूरच्या एका कारखान्यात मी कार्मिक विभागात होतो, तेव्हा अर्जांचे गठ्ठे माझ्या टेबलावर यायचे. मेहनती, प्रामाणिक, जिद्दी. सगळेच मेहनती असायचे, आळशी म्हणून अर्ज करणारा मला कधी भेटला नाही. हे शब्द वाचून समोरच्याला तुमच्याबद्दल काहीच कळत नाही. तुम्ही मेहनती नाही असं नाही, पण तो तुमचा स्वभाव झाला. त्या रकान्यात काम विचारलंय.

आता काम कसं ओळखायचं. ‘माझ्याकडे कोणती कौशल्ये आहेत’ असा प्रश्न स्वतःला विचारलात तर उत्तर ‘काही नाही’ असंच येणार. जे अंगवळणी पडलंय ते माणसाला दिसत नाही. म्हणून आधी यादी करायला बसूच नका. मुलाच्या जुन्या वहीतली चार कोरी पानं घ्या आणि हंगामातला एक अख्खा दिवस लिहून काढा. पॅकहाऊसच्या गेटवर पोचल्यापासून घरी परतेपर्यंत, आपण घरी बोलतो त्या भाषेत. शुद्धलेखनाकडे बघू नका. लिहून झालं की पेन्सिल घेऊन परत वाचा आणि जिथे जिथे तुम्हाला काही ठरवावं लागलं तिथे खूण करा. हुकूम आला आणि तसं केलं, तिथे नाही. तुम्ही बघितलं, तोललं आणि ठरवलं, फक्त तिथे.

मला खात्री आहे, पानावर खुणाच खुणा होतील. क्रेटमधून घड आला की हा निर्यातीत चालेल की लोकलला जाईल, हे तुम्ही काही सेकंदांत ठरवता. मण्यांचा आकार, रंग, तडकलेला मणी, डाग, आतून सडायला लागलेला घड, सगळं एका नजरेत. घड देठाला धरायचा, मण्यावरची पावडर पुसली जाता कामा नये, कात्रीचं टोक शेजारच्या मण्याला लागता कामा नये. हे नव्या मुलीला शिकवायला किती दिवस जातात ते आठवा. वाटेत वजन घटतं म्हणून पेटीत ठरलेल्या वजनापेक्षा थोडा माल जास्त घालायचा, पण किती, हेही तुम्हीच बघता. जास्त घातला तर मालकाचं नुकसान, कमी घातला तर तिकडून तक्रार. एखाद्या प्लॉटचा माल जास्त पिकलेला आला तर तो आधी हातावेगळा करून प्रीकूलिंगला, म्हणजे साठवण्याआधी थंड करायला पाठवायचा, बाहेर ताटकळत ठेवायचा नाही. आणि वीस-बावीस जणींत जिची नजर चांगली तिला कुठे बसवायचं, जिचा हात जलद तिला कुठे, आज कोण आली नाही, कोणाची कोणाशी धुसफूस आहे म्हणून दोघींना एका टेबलावर ठेवायचं नाही. तुम्ही याला ‘बायका माझ्याकडे असतात’ म्हणता.

खुणा करताना अडलात तर तीन गोष्टी आठवून बघा. एखाद्या दिवशी तुम्ही गेला नाहीत, तर तिथे काय अडतं? तुमच्या टेबलावर बाकीच्या जणी काय विचारायला येतात? आणि नवीन आलेलीला पहिल्या आठवड्यात तुम्ही काय शिकवता? यातला पहिला प्रश्न मला सगळ्यात कामाचा वाटतो. ‘ताई नव्हत्या म्हणून हजेरीचा घोळ झाला’ किंवा ‘ताई नव्हत्या त्या दिवशी रिजेक्शन वाढलं’ असं कोणी म्हटलेलं आठवलं, तर ते वाक्य तसंच्या तसं वहीत उतरवा.

बचत गटाला तुम्ही ‘घरचंच काम’ म्हणालात, ते मला अजिबात पटलं नाही. गटाची पंचसूत्री तुम्हाला पाठ असेल: नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, वेळेवर परतफेड, हिशेब लेखन. यातलं शेवटचं सूत्र सहा वर्षं सचिवाच्या, म्हणजे तुमच्या अंगावर आहे. बैठकीचं इतिवृत्त, प्रत्येकीची बचत, कोणाचं कर्ज किती, व्याज किती, बँकेच्या पासबुकाशी मेळ. पैशांचा हिशेब शेजारणींच्या देखत सहा वर्षं चोख ठेवणं हे कारखान्याच्या स्टोअरचं रजिस्टर ठेवण्यापेक्षा अवघड आहे, कारण स्टोअरमधले नटबोल्ट भांडायला येत नाहीत. हे काम पगारी नसलं तरी अर्जात येतं. फक्त नोकरी म्हणून लिहू नका, ‘बचत गट, सचिव’ असं स्वतंत्र लिहा.

वहीतलं अर्जात उतरवताना क्रियापदापासून सुरू करा. काय केलं, कशावर केलं, किती, कशाने, आणि त्यातून काय झालं. दर ओळीत पाचही गोष्टी येतीलच असं नाही, तीन आल्या तरी पुरे. तुमच्या पत्रावरून मी नमुना करतो. आकडे तुमच्या आठवणीप्रमाणे दुरुस्त करा आणि जे केलेलं नाही ते काढून टाका:

निर्यातीच्या द्राक्ष पॅकहाऊसमध्ये नऊ हंगाम काम (दर वर्षी जानेवारी ते एप्रिल). मागील चार हंगाम तीन टेबलांवरील २० ते २२ कामगारांची कामवाटणी आणि मालाच्या दर्जावर देखरेख.

आकार, रंग आणि दोष पाहून मालाची प्रतवारी. नाकारलेला माल वेगळा ठेवणे.

डिजिटल काट्यावर वजन करून पेट्या भरणे. लोडिंगपूर्वी पेटीवरील लेबल आणि प्लॉट क्रमांक यांची पडताळणी. मागील हंगामात चुकीच्या प्लॉटची लेबले लोडिंगपूर्वी लक्षात आणून देऊन माल थांबवला.

नवीन कामगारांना प्रतवारी, हाताळणी आणि स्वच्छतेचे नियम शिकवणे.

महिला बचत गटाची सचिव, सहा वर्षे. बचत, कर्ज आणि परतफेडीच्या नोंदी, बँक पासबुकाशी मासिक मेळ.

वाचून बघा. यात ‘मेहनती’ कुठेच नाही, तरी वाचणाऱ्याला तुम्ही कशा आहात ते कळतं. ‘विश्वासू’ हा शब्दही लागत नाही. हंगामी मालकावर पुढच्या वर्षी त्याच बाईला बोलवायचं कसलंच बंधन नसतं, आणि तुम्हाला नऊ वेळा बोलावलं, वर जबाबदारीही वाढवली.

भाच्याच्या बायोडाटात सॉफ्टवेअरची नावं आहेत कारण ती त्याची हत्यारं आहेत. तुमचीही हत्यारं आहेत, त्यांची नावं लिहा. वजनकाटा तर झालाच. गोडी बघायचा रिफ्रॅक्टोमीटर तुम्ही स्वतः वापरला असेल तर तो, पॅलेट ओढायची हातगाडी चालवली असेल तर ती, प्रीकूलिंगच्या तापमानाचा तक्ता भरला असेल तर तो. दुसऱ्याला वापरताना पाहिलं, एवढ्यावर लिहायचं नाही.

आता थोडं शब्दांच्या अदलाबदलीचं. अंबडमध्ये अर्ज वाचणारा माणूस बहुतेक स्विचगिअर किंवा गाड्यांच्या सुट्या भागांच्या कारखान्यातला असणार. त्याला घड आणि मणी कळतील, पण त्याचा त्याच्या कामाशी काय संबंध हे जोडायला तो बसणार नाही. ते तुम्ही जोडून द्यायचं. पॅकहाऊसमधला प्लॉट म्हणजे त्याच्याकडचा बॅच किंवा लॉट. आधी आलेला माल आधी काढणं याला तो फिफो म्हणतो. लोकलला टाकलेला घड म्हणजे त्याचं रिजेक्शन, परत साफ करून भरलेली पेटी म्हणजे रिवर्क. बाहेरून तपासनीस यायच्या आधी तुम्ही टोप्या, हातमोजे, टेबलं आणि नोंदवह्या नीट करायचात, त्याला तो ऑडिटची तयारी म्हणतो. जाहिरात किंवा अर्जाची लिंक पुन्हा नीट वाचा, त्यात जे शब्द आहेत आणि जे काम तुम्ही खरोखर केलेलं आहे, तिथे त्यांचाच शब्द वापरा. लबाडी होईल असं वाटून घेऊ नका, काम तेच आहे.

पण मला विचाराल तर फक्त अंबडवर अडून राहू नका. दिंडोरीकडे फळप्रक्रियेचे उद्योग आहेत, कोल्ड स्टोरेज आहेत, फळांचा गर आणि गोठवलेल्या भाज्या करणारे आहेत. तिथे तुमचे शब्द बदलावेही लागणार नाहीत. तिथल्या सुपरवायझरला ‘निर्यातीचं पॅकहाऊस, नऊ हंगाम’ एवढं वाचून पुढचं आपोआप समजेल. म्हणून अर्ज दोन तयार ठेवा. एक पॅकहाऊसच्या भाषेतला, एक कारखान्याच्या भाषेतला.

एक शंका मात्र दोन्हीकडे येणार आणि ती कोणी तोंडावर विचारणारही नाही. नाशिकमध्ये माणसं घेणाऱ्याला माहीत असतं की जानेवारी उजाडला की बागांमध्ये रोजंदारी वाढते आणि हंगामी कामाची सवय असलेली माणसं तिकडे वळतात. तुमचा अर्ज वाचताना त्याच्या मनात पहिलं हेच येईल: ही बाई आठ महिन्यांनी जाणार. तेव्हा अर्जातच लिहून टाका, ‘वर्षभर पूर्णवेळ कामाची तयारी, हंगामी कामावर परत जाणार नाही.’ तसं मनात असेल तरच लिहा.

त्याच कारणाने ‘नऊ वर्षांचा अनुभव’ असंही लिहू नका. चार महिन्यांप्रमाणे नऊ हंगाम म्हणजे सलग धरलं तर तीन वर्षं. कोणीतरी हिशेब करणारच, त्यापेक्षा हंगाम म्हणून लिहिलेलं स्वच्छ.

एमएससीआयटीबद्दल. प्रमाणपत्र आहे तर लिहा, पण समोरच्याने संगणकासमोर बसवून ‘या चलनाची नोंद करून दाखवा’ म्हटलं तर हात चालला पाहिजे. भाच्याला एका रविवारी घरी बोलवा. त्याच्या लॅपटॉपवर बचत गटाची एका वर्षाची नोंदवही एक्सेलमध्ये चढवा. तुम्ही चढवा, तो शेजारी बसेल. बेरजा लावा, नावाप्रमाणे क्रम लावा, प्रिंट काढा. मग अर्जात ‘एक्सेलमध्ये नोंदी, बेरजा आणि प्रिंट’ एवढंच लिहा, ‘एक्सेलमध्ये निपुण’ नको.

अर्जातून काय काढायचं तेही सांगतो, कारण आपल्याकडे नोकरीचा बायोडाटा आणि लग्नाचा बायोडाटा एकमेकांत फार मिसळलेत. उंची, रंग, जात, पतीचा व्यवसाय, ‘छंद: वाचन, गायन’ यातलं काहीही नको. आधार क्रमांक तर पहिल्या अर्जावर टाकूच नका. नोकरी पक्की झाली की भविष्यनिधीसाठी लागेल तेव्हा द्या. सायबर कॅफेत परत गेलात तर मजकूर लिहून न्या आणि म्हणा, दादा, जसं आहे तसं टाका. इंग्रजीत हवा असेल तर भाच्याकडून करून घ्या, फक्त त्याने स्वतःचे भारी शब्द घुसवले नाहीत ना ते मोठ्याने वाचून घेऊन बघा. जे तुम्हाला तोंडी समजावून सांगता येत नाही ते अर्जात राहू देऊ नका.

पॅकहाऊसकडून अनुभवाचं पत्र आताच मागा. पुढे मागायचं म्हणून ठेवलंत तर मॅनेजर बदललेला असतो. बहुतेक ठिकाणी ‘तुम्हीच लिहून आणा, मी सही-शिक्का मारतो’ असं म्हणतात. तसं म्हणाले तर उत्तमच, वरच्या चार ओळी त्यात घाला. ज्यांनी शाबासकी दिली त्या साहेबांना ‘कोणी फोन केला तर माझ्याबद्दल सांगाल का’ एवढं विचारून त्यांचा नंबर देण्याची परवानगी घ्या. कागदी पत्रापेक्षा या फोनचा जास्त उपयोग होतो, हा माझा अनुभव.

शिक्का हवाच असेल तर तोही मिळू शकतो. प्रधानमंत्री कौशल्य विकास योजना २०१५ मध्ये सुरू झाली. काम करत करत शिकलेल्यांची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची सोय तिच्यात आहे, तिला आरपीएल म्हणतात. आपल्याकडे सध्या कोणत्या कामासाठी ती चालू आहे, हे जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्रात विचारा. गेलात की राज्याच्या महास्वयम् या रोजगार पोर्टलवर नावही नोंदवून घ्या. केंद्राचं नॅशनल करिअर सर्व्हिस पोर्टल वेगळं, तेही २०१५ चंच. दोन्हीकडे नोंदणीला पैसे लागत नाहीत. नोकरीसाठी ‘रजिस्ट्रेशन फी’ मागणारा कोणी भेटला तर तिथूनच परत फिरा.

प्रमाणपत्र मिळो न मिळो, या कौशल्य व्यवस्थेतली एक गोष्ट घरबसल्या उपयोगी पडते. वेगवेगळ्या कामांसाठी राष्ट्रीय व्यावसायिक मानकं तयार केलेली आहेत. अमुक कामाच्या माणसाला काय करता आलं पाहिजे आणि काय माहीत असलं पाहिजे, हे त्यात ओळीने दिलेलं असतं. ती इंटरनेटवर फुकट वाचायला मिळतात. भाषा कंटाळवाणी आहे, बरीचशी इंग्रजीत आहे, पण भाच्याला घेऊन गोदाम, पॅकिंग, प्रतवारी या कामांची मानकं एकदा चाळा. ‘अरे, हे तर मी रोज करते’ असं जिथे जिथे वाटेल ती ओळ वहीत घ्या.

मुलाखतीचं फार टेन्शन घेऊ नका. अंबड-सातपूरमध्ये या पदांच्या मुलाखती अर्ध्या मराठीत, अर्ध्या हिंदीत होतात. ‘स्वतःबद्दल सांगा’ म्हटलं की गाव, शिक्षण, घरची माणसं यांत वेळ घालवू नका. ‘निर्यातीच्या पॅकहाऊसमध्ये तीन टेबलं सांभाळते’ इथून सुरू करा आणि संधी मिळाली की लेबलांची गोष्ट सांगा. काय दिसलं, तुम्ही काय केलं, पुढे काय झालं. दोन मिनिटांत संपली पाहिजे. घरी मुलासमोर तीन-चारदा म्हणून बघा, तो दहावीचा आहे, चुका काढायला आनंदाने बसेल. आपल्या बायकांची एक सवय असते, सगळं ‘आम्ही केलं’ म्हणून सांगायची. लोडिंग सगळ्यांनी केलं, ते ‘आम्ही’. पण लेबल तुम्ही पकडलं, तिथे ‘मी’ म्हणा.

शेवटी पगार. आकडा मी सांगणार नाही, कारण तो कारखान्याच्या प्रकारावर आणि तुम्हाला कोणत्या श्रेणीत धरतात यावर ठरतो. आणि या श्रेणीचा तुमच्या रकान्याशी थेट संबंध आहे. किमान वेतनाच्या अधिसूचनांमध्ये कामगारांच्या अकुशल, अर्धकुशल, कुशल अशा श्रेणी असतात आणि प्रत्येकीचा दर वेगळा. अकुशल म्हणजे ज्या साध्या कामाला अनुभव लागत नाही असं काम. अर्धकुशल म्हणजे ठरलेल्या चाकोरीतलं. कुशल कामगार धरला जातो तो स्वतःच्या विचाराने निर्णय घेऊन जबाबदारीने काम पार पाडणारा. तुम्हाला दिवस लिहून काढून ठरवण्याच्या जागांवर खुणा करायला सांगितल्या, त्या इथे उपयोगी पडतात. ‘पॅकिंग केलं’ एवढंच लिहिलंत तर तुम्हाला अकुशलमध्ये बसवणं त्यांना सोपं जाईल. प्रतवारी, पडताळणी, वीस जणींची कामवाटणी लिहिलीत, तर निदान प्रश्न विचारायला तुमच्याकडे आधार राहील. प्रश्न असा विचारा: ‘मला कोणत्या श्रेणीत धरणार, आणि त्या श्रेणीचा सध्याचा दर काय?’ महाराष्ट्रात किमान वेतनातला महागाईशी जोडलेला विशेष भत्ता जानेवारी आणि जुलै असा वर्षातून दोनदा बदलतो, त्यामुळे मैत्रिणीचा गेल्या वर्षीचा आकडा प्रमाण मानू नका.

जो आकडा सांगतील तो हातात पडणारा की कपातीच्या आधीचा, हे विचारून घ्या. भविष्यनिधीचे १२ टक्के आणि कर्मचारी राज्य विमा (ईएसआय) लागू असेल तर त्याचे पाऊण टक्का तुमच्या वेतनातून कापले जातात. नेमणूक कंपनीकडून की ठेकेदाराकडून, तेही विचारा. ठेकेदाराकडून असेल तर भविष्यनिधीचा यूएएन क्रमांक पहिल्याच महिन्यात मागून घ्या. आणि दुसरी पाळी लागणार असेल तर कंपनीची गाडी आडगावपर्यंत येते का, याचं उत्तर हो म्हणण्याआधी मिळवा. ‘द्वारका चौकापर्यंत सोडू’ म्हणाले तर रात्री तिथून पुढचं कसं करायचं, ते घरी बोलून मग कळवते म्हणून सांगा.